तीन खरे अंदाज

बुधवारी सकाळी यंत्राने उत्तर दिले, आणि ते पाहून शाल्मली करंदीकरने हातातला चहाचा कप होता तसा खाली ठेवला.

"फिओना, हे कोणाचं उत्तर आहे?"

"आपलंच. पुढच्या गुरुवारच्या निवडणुकीचं." समोरच्या टेबलावरून फिओना मॅकरेने मान वर केली. ही स्कॉटलंडची, हाताखालची उपप्रमुख गणिती असली तरी कोणाची भीडभाड न ठेवणारी. "का? आवडलं नाही?"

"काल मी चालवलं तेव्हा राष्ट्रमेळ पक्ष अडतीस टक्क्यांवर पहिला होता. आज तू म्हणतेस मजूर पक्ष एकोणचाळीसवर पहिला. एका रात्रीत देश इतका फिरला?"

"देश जागच्या जागी आहे. यंत्र फिरलंय."

फिओना बोलली ते शब्दशः खरे होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हल शहरात, हंबर नदीच्या गढूळ मुखाशी एक जुने मासळीचे गोदाम होते. तिथे अंदाज मंडळाचे कार्यालय. मंगळवारी संध्याकाळी गणनयंत्र तळमजल्यावरून वर हलवले होते, कारण तळमजल्यात ओल येत होती.

पंधरा वर्षांपूर्वी या देशात जनमत चाचण्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. सकाळी एक हुजूर पक्षाला डोक्यावर घेई, दुपारी दुसरी मजूर पक्षाला, आणि संध्याकाळी तिसरी म्हणे की दोन्ही पक्षांचे पुढारी लोकांच्या मनातून साफ उतरले आहेत. शेवटी संसदेने सगळ्या चाचण्यांना बंदी घातली आणि एकच मंडळ नेमले. मतदानाआधीच्या सोमवारी सकाळी आठ वाजता मंडळ एकच अंदाज छापणार. बाकी कोणी आकडा उच्चारायचा नाही.

मंडळाजवळ देशातल्या प्रत्येक मतदाराचा प्रतिमतदार होता. प्रतिमतदार म्हणजे माणूस नव्हे. त्याच्या सवयींची, रागलोभांची, शेजारपाजाऱ्यांच्या बोलण्याची गणितात उतरवलेली सावली. अशा जवळजवळ पाच कोटी सावल्या यंत्रात नांदत होत्या. गेल्या दोन निवडणुकांत मंडळाचा अंदाज अर्ध्या टक्क्यानेसुद्धा चुकला नव्हता. लोकांचा त्यावर इतका विश्वास बसला होता की पंचांगात ग्रहण पाहावे तसे ते अंदाज पाहत.

शाल्मली या मंडळाची मुख्य गणिती. सत्तेचाळीस वर्षांची, माहेरची नागपूरकर. बोलणे इतके हळू की समोरच्याला पुढे झुकावे लागे. रोज सकाळी दिवा लावून, अथर्वशीर्ष म्हणून, मगच ती पाण्याचा घोट घेई. नेम कधी चुकला तर सबब सांगायची नाही, 'माझ्याकडून चुकला' एवढेच म्हणायचे, ही तिला लहानपणापासूनची शिस्त होती.

"सुरुवात कुठून केलीस?" तिने विचारले.

"तेच सांगतेय. यंत्र हलवताना तुझी आरंभांकाची नोंद आलीच नाही. मग मी पत्ते वाटावेत तसे सगळ्या पक्षांना सारखे वाटे दिले आणि म्हटलं, शोध बाबा इथून."

शाल्मली उठून यंत्रापाशी गेली. मग तिने तिसऱ्यांदा यंत्र चालवले. यावेळी सुरुवातीला हुजूर पक्षाला जास्त वाटा दिला. चाळीस मिनिटांनी उत्तर आले. हुजूर पक्ष छत्तीस टक्के, पहिला.

"पडताळणी?" फिओनाने विचारले. तिच्या आवाजातला खट्याळपणा एव्हाना गेला होता.

"तिन्हींची झाली," शाल्मली म्हणाली. "तिन्ही खरे आहेत."

*

मंडळाचे संचालक कॉनर विटलॉक गणिती नव्हते. जन्मभर सरकारी खात्यांत वावरलेला, नेटक्या टायचा, कोणालाही न दुखावणारा माणूस. दुपारी त्यांनी दोघींना समोर बसवले.

"सावकाश सांगा. तीन उत्तरं खरी कशी असतील? मतदान तर एकदाच होणार."

"आपण अंदाज छापला की लोक तो वाचतात," शाल्मली म्हणाली. "वाचून काहीजण आपलं मत बदलतात. म्हणजे छापल्यामुळेच तो खोटा पडायला हवा. बरोबर?"

"पण पडत नाही."

"पडत नाही, कारण आपण साधा आकडा छापतच नाही. लोकांनी वाचून, मतं बदलूनसुद्धा जो तसाच राहील असा आकडा आपण शोधतो. त्याला आम्ही स्थिरबिंदू म्हणतो. यंत्र एक आकडा धरतं, प्रतिमतदारांना दाखवतं, ते बदलले की नवा आकडा धरतं, पुन्हा दाखवतं. असं करत जिथे हालचाल थांबते, तो आपला अंदाज."

"आणि तो एकच असतो."

"मलाही तसंच वाटत होतं." तिने हात जुळवून ओंजळ केली. "खोलगट वाटीत गोटी सोडली तर कुठूनही सोडा, तळाशीच येते. पण तीन खळगे असलेलं ताट असेल तर? गोटी कुठल्या खळग्यात जाईल ते तुम्ही कुठून सोडलीत त्यावर ठरतं. लोक आपल्यावर जितका जास्त विश्वास ठेवतात, तितके ताटाला खळगे पडतात. दहा वर्षांपूर्वी एकच खळगा होता. आज तीन आहेत."

फिओनाने बोलण्याचे सूत्र पुढे नेले. "थ्रेलसाहेबांचंच बघा ना. राष्ट्रमेळचे पुढारी, दहा वर्षं पंतप्रधान. 'हा माणूस आवडतो का?' असं प्रतिमतदारांना विचारलं तर शंभरात बावीस हो म्हणतात. बावीस! माझ्या माजी नवऱ्याला याहून जास्त मिळतील. मग पक्षाला अडतीस कसे पडतात?"

"कसे?"

"उरलेले सोळाजण मजूर पक्षाला घाबरून त्यांना मत देतात. त्यांना मनातून हुजूरच हवा असतो. पण अंदाज सांगतो, मजुरांना थोपवायची ताकद फक्त राष्ट्रमेळकडे आहे. झालं, नाक दाबून शिक्का थ्रेलवर. उद्या अंदाजाने सांगितलं की ती ताकद हुजूर पक्षात आहे, तर हेच सोळा हसत हसत तिकडे जातील आणि हुजूर पहिला येईल. आणि दोघं सारखे दिसले की ती मतं फुटतात. तिकडे थ्रेलना घालवायला टपलेले सगळे मजुरांमागे उभे राहतात, आणि मजूर पहिला."

विटलॉक खिडकीबाहेर पाहू लागले. नदीवरचा लांबलचक पूल धुक्यात अर्धाच दिसत होता.

"आजवर आपण कोणता खळगा निवडत होतो?"

हा प्रश्न येणार हे शाल्मलीला ठाऊक होते. तिने मान खाली घातली नाही.

"मागच्या निवडणुकीआधी मी एक ओळ लिहिली. शोध लवकर संपावा म्हणून यंत्राने आधीच्या निवडणुकीच्या निकालापासून सुरुवात करावी, अशी. त्यालाच आम्ही आरंभांक म्हणतो. गणितात सगळेच असं करतात. काल जिथे वस्तू सापडली तिथून आज शोधायला लागावं, इतकं साधं. पण त्याचा अर्थ असा झाला की जो सत्तेवर आहे त्याच्याच खळग्यात गोटी पडणार. दर वेळी. लोकांचं मन काहीही असो. आज सकाळी मी जुनी नोंद काढून पाहिली. पाच वर्षांपूर्वीसुद्धा खळगे दोन होते. हे सरकार लोकांनी निवडलेलं नाही, कॉनर. माझ्या त्या एका ओळीने निवडलंय."

मग विटलॉकनी घसा साफ केला.

"हे तू दुसऱ्या कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. नेहमीचा आरंभांक घाल, नेहमीचा अंदाज काढ, सोमवारी सही कर. तो खराच आहे ना? तूच म्हणालीस."

"छापला तर खरा आहे. म्हणूनच तर..."

"कायद्याला एवढंच हवंय. छापल्यावर खरा ठरेल असा अंदाज. शाल्मली, तू दुसरं काही छापलंस तर तू एक सरकार पाडशील. तो अधिकार तुला कोणी दिला?"

"आणि हे छापलं तर एक सरकार बसवीन. तो तरी कोणी दिलाय?"

"तो सवयीने मिळतो," विटलॉक शांतपणे म्हणाले. त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते.

*

शनिवारी दुपारी ती नीलिमामावशीकडे गेली. नीलिमा शेजवळ मूळची मिरजेची. तिथल्या इस्पितळात परिचारिका म्हणून शिकली आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वी इथे आली. सख्खी मावशी नव्हे. पण हलमध्ये मराठी घरे दोन, त्यामुळे नात्याला पर्यायच नव्हता. निवृत्त झाल्यापासून मावशी हरित पक्षाची पत्रके घरोघर टाकत असे. हा पक्ष तिच्या मतदारसंघात कायम चौथा येई.

"धर हे," म्हणत मावशीने तिच्या हातात पत्रकांचा गठ्ठा आणि एक लाकडी उलथणे दिले.

"उलथणं कशाला?"

"दारातल्या फटीतून बोटं घातलीस तर आतलं कुत्रं खातं. पत्रक उलथण्याने आत ढकलायचं. तीस वर्षांची विद्या आहे, फुकट शिकवतेय."

एकाला एक चिकटलेल्या विटकरी घरांच्या रांगेत दोघी दारोदार फिरू लागल्या. तेरा नंबरच्या घरातून खरेच एक कुत्रे उलथण्यावर तुटून पडले. पत्रकावर चार पक्षांचे चार खांब छापले होते. गेल्या खेपेला कोणाला किती मते पडली त्याचे. या देशात अशा खांबांशिवाय पत्रक निघतच नाही. 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' हे दाखवायला जो तो आपला खांब ताणून उंच काढतो.

"तुमचा खांब एवढुसा?" शाल्मलीला हसू आले.

"छापखान्यातली बाई विचारत होती, ही रेघ ठेवायची का पुसायची! म्हटलं ठेव गं बाई, ती मी आहे."

"मावशी, खरं सांग. अंदाज येतो, त्यात तुझा पक्ष चौथा असतो. तरी तू त्यालाच मत देतेस. वाया जातं असं नाही वाटत?"

मावशी फाटकाला टेकून उभी राहिली. "माझी नोकरी आठवते? अतिदक्षता विभाग. रात्रपाळीला डॉक्टर कागदावर लिहून जायचे, हा पेशंट सकाळ बघणार नाही. कागद वाचून मी त्याचं अंग पुसणं बंद केलं असतं, कूस बदलणं बंद केलं असतं, तर तो नक्की गेला असता. आणि डॉक्टर म्हणाले असते, बघा, आमचा अंदाज कसा बरोबर आला! आकडा बघून वागायचं ठरवलं की आकडा खराच होतो गं. त्यात आकड्याची कसली आलीय हुशारी?"

शाल्मलीच्या हातातले उलथणे तसेच राहिले. अकरा वर्षे ती जे गणित मांडत होती, ते या बाईने फाटकाला टेकल्या टेकल्या सांगून टाकले होते.

"तुझा चेहरा का असा झाला? भूक लागलीय? घरी साबुदाण्याची खिचडी आहे. तुझा आज शनिवार असेल ना?"

"मावशी, मी एक चूक केलीय. मोठी."

"मग निस्तर. रडायला बसलीस तर कुत्र्यांचं फावेल."

*

सोमवारी सकाळी सात वाजता विटलॉक, फिओना आणि शाल्मली वरच्या खोलीत जमले. कायद्याने मुख्य गणितीने सही केली की कागद बंद होई आणि ठीक आठला जसाच्या तसा देशभर प्रसिद्ध होई. मग संचालकालाही त्यात काना-मात्रा बदलता येत नसे.

शाल्मलीने आपला कागद पुढे केला. त्यावर तीन रकाने होते. तीन पक्ष पहिले, तीन पंतप्रधान. खाली काही ओळी होत्या:

'यांतला कोणताही एक अंदाज एकटा छापला असता तर तोच खरा ठरला असता. मागच्या निवडणुकीत असे दोन अंदाज होते. तुम्हाला एकच दाखवला गेला. तो मी लिहिलेल्या एका ओळीने निवडला, तुम्ही नव्हे. चूक माझी आहे. — शाल्मली करंदीकर'

विटलॉकनी कागद दोनदा वाचला. त्यांचे कान लाल झाले.

"हा अंदाज नव्हे, आत्महत्या आहे. तुझी आणि मंडळाची. चौकशी बसेल, खटला चालेल, या देशात तुला कोणी बेरीजसुद्धा करायला देणार नाही."

"ते मी धरून चाललेय."

"लोक गोंधळतील!"

"गोंधळले तर विचार करतील. थोडा वेळ लागेल एवढंच."

"मी तुला सही करू देणार नाही. मुख्य गणिती आजारी असेल तर उपप्रमुखाने सही करायची, अशी तरतूद आहे." विटलॉकनी नेहमीचा, अडतीस टक्क्यांचा कागद खिशातून काढून फिओनापुढे ठेवला. "शाल्मलीची तब्येत बरी दिसत नाही."

फिओनाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि शाल्मलीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"मला तर ठणठणीत दिसतेय."

"फिओना, तुला मुख्य गणितीची जागा मिळेल."

"खोटा अंदाज दिला तर शिक्षा आहे, कॉनर. हिची तब्येत बिघडलीय हासुद्धा एक अंदाजच ना? तो मी कसा देऊ?"

विटलॉक शाल्मलीकडे वळले. आता त्यांचा स्वर विनवणीचा होता. "दहा वर्षं आपण एकदाही चुकलो नाही. एकदाही! ते तू मातीत घालणार?"

"आपण कधी बरोबर नव्हतोच, कॉनर. लोक आपल्या मागून चालत होते आणि आपण म्हणत होतो, बघा, आम्हाला वाट आधीच माहीत होती." तिचा आवाज एका पट्टीनेही चढला नाही. "माझ्याकडे सहीचा अधिकार अजून पंचावन्न मिनिटं आहे. तो मी वापरणार."

आणि तिने सही केली.

आठ वाजता कागद प्रसिद्ध झाला. साडेआठला तिला बडतर्फीचे पत्र मिळाले. नऊ वाजता पंतप्रधान थ्रेल यांनी दूरदर्शनवर येऊन सांगितले की तीनपैकी पहिला रकाना तेवढा खरा. सव्वानऊला हुजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी तिसरा रकाना खरा असल्याचे जाहीर केले, आणि मजूर पक्षाच्या बाईंनी दुसऱ्या रकान्याची चौकट करून पत्रकार परिषदेत आणली. संध्याकाळपर्यंत देशातली लहान पोरेसुद्धा हसत होती. पण त्यानंतर मात्र कित्येक घरांत, जेवायच्या टेबलावर, 'कोण जिंकेल' याऐवजी 'आपल्याला कोण हवंय' असे कोणीतरी कोणालातरी विचारले. बऱ्याच वर्षांनी.

*

गुरुवारी मतदान. मावशीच्या वस्तीतले केंद्र कोळ्यांच्या जुन्या सभागृहात होते. दहा वाजताच रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. केंद्राधिकारी सांगत होते, एवढी माणसे त्यांनी कधी पाहिली नव्हती. मावशी मत देऊन आली आणि रांगेतल्या शाल्मलीच्या शेजारी उभी राहिली.

"पोलीस कधी येणार तुझ्याकडे?"

"चौकशी सोमवारपासून आहे."

"मी येते डबा घेऊन. आत टाकलं तर उलथणं घेऊन येते."

तेवढ्यात रांगेच्या कडेने विटलॉक येताना दिसले. टाय नव्हता. डोळे सुजलेले. शाल्मलीजवळ येऊन ते थांबले, आणि एखाद्याने जड ओझे दोन्ही हातांत धरून उभे राहावे तसे अवघडून उभे राहिले.

"मी ते चालवलं," ते म्हणाले.

"काय?"

"फिओनाने नकार दिला, म्हणून मी स्वतः चालवलं. मंगळवारी. प्रतिमतदारांना तुझा कागद दाखवला, तिन्ही रकाने एकत्र. आणि सुरुवात बदलून बदलून दहादा पाहिलं." त्यांचा आवाज खाली आला. "दरवेळी एकच उत्तर आलं, शाल्मली. एकच खळगा. तीन आकडे एकत्र पाहिले की लोक कोणाच्याच मागे जात नाहीत, स्वतःच्या मनाने मत देतात. आणि त्या तीनांतलं एकही उत्तर नाही ते. चौथंच आहे."

रांग दोन पावले पुढे सरकली. तेही सरकले.

"मला वाटलं, सुटलो. हे छापू. मंडळ वाचेल, आपण पुन्हा अचूक ठरू. मी तो चौथा आकडा प्रतिमतदारांना दाखवून पाहिला."

"आणि तो मोडला," शाल्मली म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तो स्थिरबिंदू नाही, कॉनर. स्थिरबिंदू तीनच होते आणि तिन्ही आपण छापून टाकले. चौथा आकडा लोकांनी आपल्या आपण केलेला आहे. तो दाखवला की लगेच काहीजण त्याच्याकडे पाहून मत बदलणार. मग तो खोटा. तो खरा राहायचा तर कोणी सांगता कामा नये."

"म्हणजे मंडळ..."

"आता मंडळाला खरं उत्तर काढता येईल. सांगता मात्र येणार नाही. कधीच."

विटलॉकनी कपाळावरचा घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याजवळ असे काही होते जे देशात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हते, आणि ते त्यांना सोसवत नव्हते. "दोन दिवस मी झोपलेलो नाही. उद्या पंतप्रधान कोण असेल हे मला ठाऊक आहे. बायकोलासुद्धा बोललो नाही. अगं, तू विश्वास ठेवणार नाहीस... मी निदान तुला तरी सांगतो. तू तर मंडळातलीच. ऐक, उद्या..."

शाल्मलीने हात वर केला. दारातल्या अधिकाऱ्याने तिचे नाव पुकारले होते.

"सांगू नका," ती म्हणाली, आणि या वेळी तिचे बोलणे ऐकायला कोणाला पुढे झुकावे लागले नाही. "माझं मत अजून द्यायचंय."